रोबो आठ हजाराचा, भाडं बेचाळीस कोटीचं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या पंधरवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो आला होता, चार पोरं हातात रोबो धरून उभी आणि खाली लिहिलेलं की चंद्रावर चालणारा रोबो अवघ्या आठ हजारात. फोटो छान होता, पोरंही हुशार असणार, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्या 'आठ हजारात'वर मला बोलायचंय, कारण तसाच एक रोबो माझ्या दुकानात, इथं अमळनेरला, सात-आठ महिन्यांपासून पडलाय आणि त्याच्यापायी निम्मं गिऱ्हाईक माझ्यावर नाराज झालंय. पत्र लांबलंय, तुम्हाला कापायचं तिथं कापा, फक्त डस्टचा, म्हणजे खडी क्रशरच्या भुकटीचा, भाग तेवढा कापू नका.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. बावीस वर्षं झाली, पाणबुडी मोटार, मोनोब्लॉक, पिठाच्या चक्कीची मोटार, जे जळून येईल ते भरून द्यायचं. माझी भाची पॉलिटेक्निकला आहे, शिकायला आमच्याकडेच असते, तिनं आणि तिच्या तीन मैत्रिणींनी प्रोजेक्टला चंद्रावरचा रोव्हर, म्हणजे तिथं चाकांवर चालणारा रोबो, घेतला. विषय कुठून आला तर २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं तेव्हा दुकानातल्या टीव्हीसमोर पंचवीस माणसं उभी होती, त्यात ही पण होती, तेव्हा दहावीत, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात त्यातला रोव्हर, प्रज्ञान, बसलाय. सहा चाकं, २६ किलो वजन, सोलर पॅनल ५० वॅटचं. ५० वॅट म्हणजे आपल्या साध्या छताच्या पंख्यालासुद्धा पुरत नाही आणि आमची पाच एचपीची मोटार तर ३७०० वॅट खाते, आणि तेवढ्या विजेवर तो सेकंदाला एक सेंटिमीटर असा मुंगीच्या चालीनं शंभर मीटरच्या वर चालला, दगडमातीत गंधक असल्याचं सांगितलं आणि दहा-अकरा दिवसांनी, दिवस मावळायला आला तसा, झोपवला तो झोपलाच.

तर पोरींनी पहिला रोबो बनवला तो असा: भंगारातल्या गाडीच्या वायपर मोटारी, अँगलची फ्रेम, मोटारसायकलची बॅटरी. खर्च झाला साधारण आठ हजार, म्हणूनच तुमची बातमी वाचून मला हसू आलं. मी म्हटलं चला, वजन करून बघू. वायरची तार तोलायचा काटा आहे माझ्याकडे. ४ किलो २०० ग्रॅम भरलं. पोरी खूष, प्रज्ञान २६ किलोचा आणि आपला चारचाच.

मग भाचीनं मोबाईलवर शोधून काढलं की अमेरिकेत पिट्सबर्गला अॅस्ट्रोबॉटिक नावाची कंपनी आहे, ती तुमचा माल चंद्रावर नेऊन टाकायचं भाडं घेते, जाहीर केलेला दर किलोला १२ लाख डॉलर. आपल्या पैशात किलोला दहा कोटीच्या घरात. म्हणजे ग्रॅमला लाख रुपये. साहेब, आपला जिल्हा सोन्याच्या बाजारासाठी ओळखला जातो, लोकं लांबून लांबून जळगावला सोनं घ्यायला येतात, पण चंद्राचं नुसतं भाडंच त्या सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट. चार किलो दोनशे ग्रॅम म्हणजे बेचाळीस कोटी भाडं, आणि माल आठ हजाराचा. त्या दिवशी दुकानात जे शांत झालं ना सगळं, विचारू नका.

आता भाडं एवढं का, त्याचंही गणित चांद्रयान-३ मध्येच बसलेलं आहे. सगळं मिळून यान होतं ३९०० किलोच्या आसपास, त्यात लँडर, म्हणजे खाली उतरणारा भाग विक्रम, १७५२ किलोचा रोव्हरसकट, आणि त्यात चाकावर चालणारा ऐवज फक्त २६ किलो. म्हणजे रोव्हरच्या एका किलोमागे दीडशे किलो वरात. आणि ही वरात पृथ्वीवरून उचलायला ६४० टनाचं रॉकेट. चंद्रावर हवा नाही म्हणून पॅराशूट चालत नाही, इंजिन उलटं पेटवूनच हळूहळू खाली यायचं, ते इंधन सोबत न्यायचं, त्या इंधनाला उचलायला अजून इंधन. रावेर-सावद्याच्या केळीवाल्याला हे समजावून सांगायला लागत नाही, बागेतला भाव वेगळा आणि दिल्लीला उतरलेल्या घडाचा भाव वेगळा, मधे सगळं भाडंच असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की चंद्रावरच्या रोबोचा भाव पार्टाच्या बिलावर धरायचा नाही, वजनावर धरायचा. आम्ही दुकानात तसा फळाच लावला. वायपर मोटार एक किलोची, तिच्यापुढे लिहिलं दहा कोटी. साधा नट-बोल्ट सहा-सात ग्रॅमचा, सहा-सात लाख. मग पोरींनी बोल्ट काढून रिव्हेट मारले, अँगल काढून अॅल्युमिनियमची पट्टी आणली, मोटारसायकलची बॅटरी जाऊन मोबाईलच्या पॉवर बँकेतले सेल आले, वायपर मोटारी जाऊन त्या छोट्या पिवळ्या बीओ मोटारी आल्या ज्या खेळण्याच्या गाडीत असतात. वायरसुद्धा कापून आखूड केली, मी म्हटलं एवढी आखूड करू नका उद्या दुरुस्तीला हात जाणार नाही, तर भाची म्हणते मामा तिथं दुरुस्तीला जाणार कोण आहे. बरोबर आहे. पावणेदोन किलोवर आला. सतरा-साडेसतरा कोटी.

हे असं करणारे आम्ही पहिले नाही, जगात यावर पुष्कळ काम झालंय. १९८९ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या रॉडनी ब्रुक्स आणि अनिता फ्लिन यांनी मांडलं होतं की एक मोठा महागडा रोबो पाठवण्यापेक्षा किलो-किलोभराचे पुष्कळ पाठवा, काही मेले तरी बाकीचे काम करतील. तेव्हा ते जरा अतीच वाटलं असेल लोकांना. पण जानेवारी २०२४ मध्ये जपाननं करून दाखवलं. त्यांचं स्लिम नावाचं यान उतरलं, उतरताना एक इंजिन निकामी झालं आणि यान नाकावर उभं राहिलं, हे जगाला कसं कळलं तर त्यानं उतरायच्या आधी बाहेर टाकलेल्या एका छोट्या चेंडूनं फोटो काढला म्हणून. आठ सेंटिमीटरचा चेंडू, वजन पाव किलोच्या आसपास, म्हणजे आमच्या भरिताच्या बामणोदच्या एका वांग्याएवढा किंवा कमीच. जमिनीवर पडला की मधून उघडतो, दोन्ही अर्धे भाग चाकासारखे फिरतात आणि आत कॅमेरा. तो बनवण्यात जपानच्या अवकाश संस्थेबरोबर टाकारा टोमी ही खेळणी बनवणारी कंपनी होती, सोनी होती, दोशिशा विद्यापीठ होतं. खेळण्याची कंपनी का घेतली असेल, तर कमी पार्टात, कमी वजनात, उघडमीट होणारी वस्तू पोरांनी आपटली तरी न तुटणारी कशी बनवायची हे त्यांच्याएवढं कुणाला माहीत असणार. मला ही गोष्ट फार आवडली. आत बोर्डही बाजारात मिळणाराच होता, सोनीचा. तसंच मंगळावर उडालेलं ते इंजेन्युइटी हेलिकॉप्टर, १.८ किलोचं, त्यात मोबाईलमधला स्नॅपड्रॅगन प्रोसेसर, ठरवलं होतं पाच वेळा उडवायचं आणि उडालं ७२ वेळा. तेव्हा बाजारातला पार्ट म्हणजे टाकाऊ असं काही नाही, तो नेमका कुठं मरतो हे आधी इथंच मारून बघितलं पाहिजे एवढंच.

आणि इथंच डस्ट येते.

पोरींचा पावणेदोन किलोचा रोबो कॉलेजच्या फरशीवर मस्त चालायचा, प्लायवूडवर चालायचा, लाईन फॉलो करायचा, सगळं करायचा. एक दिवस दुकानामागं बांधकामाला आणलेली क्रशरची डस्ट पडली होती, गंमत म्हणून त्यात सोडला. दोन फूट गेला आणि चाकं जागेवरच फिरत फिरत खाली जाऊन पोटावर बसला, पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टर बसतो तसा. बाहेर काढला, पुन्हा सोडला, पुन्हा बसला. मग मला एकदम सुचलं की अरे चंद्रावर तर हेच आहे!

थोडं खुलासेवार सांगतो. चंद्रावरचे जे काळे डाग आपल्याला इथून दिसतात ते बेसाल्टचे आहेत, लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड. अपोलो-११ तिथंच एका ठिकाणी उतरलं होतं. आणि आपला अख्खा खान्देश कशावर बसलाय, तर बेसाल्टवरच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्यावर. धुळे-नंदुरबारकडं तर लाव्ह्याच्या उभ्या भिंतीच्या भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात, भूगर्भवाले बघायला येतात. चंद्राचा बेसाल्ट जास्त जुना आहे, त्यात पाण्याचा अंश जवळजवळ नाही, लोखंड-टायटॅनियमचं प्रमाण वेगळं, म्हणजे अगदी सख्खा भाऊ नाही पण भावकीतला आहे. आता गिरणेची किंवा तापीची वाळू घ्या, तिचे खडे पाण्यानं गोल गोल झालेले असतात. चंद्रावर ना पाणी ना वारा, त्यामुळं तिथली धूळ कधी घासून गुळगुळीत होतच नाही, उल्का पडून पडून दगड फुटतो आणि प्रत्येक कण काचेच्या कपच्यासारखा टोकदार राहतो. आणि क्रशरमधून निघालेली डस्ट ती पण तशीच, ताजी फुटलेली, टोकदार. गवंड्याला विचारा, तो बोटात चोळून सांगेल नदीची कोणती आणि क्रशरची कोणती. म्हणजे जगभरात लोक चंद्राची नकली माती विकत घेतात आणि आपल्याकडं ती प्रत्येक खडी क्रशरवर ढीग लागून पडलीय!

हे मी माझ्या मनचं सांगत नाही, इस्रोनं पण असंच केलंय. फक्त त्यांना दक्षिण ध्रुवाजवळच्या उजळ डोंगराळ भागासारखी माती पाहिजे होती, ती बेसाल्टची नसते, अॅनॉर्थोसाइट नावाच्या दगडाची असते, तर तो दगड त्यांना तामिळनाडूत नामक्कल जिल्ह्यात सित्तमपूंडीला सापडला, तो क्रशरला दळून बेंगळुरूला नेला आणि त्याच्यावर रोव्हर चालवून बघितला. चंद्रावर वजन सहावा हिस्सा होतं, तर ते कमी करायला रोव्हरला हेलियमचे फुगे बांधले होते. पोरींनी फुग्याऐवजी कप्पी लावली, वरून दोरी, दुसऱ्या टोकाला वजन, पाच हिस्से वजन दोरीनं उचललेलं आणि एक हिस्सा चाकावर. विहिरीच्या कप्पीचा असा उपयोग माझ्या बापानं बघितला असता तर काय म्हटला असता कोण जाणे. आणि साहेब, वजन कमी झालं म्हणजे चालणं सोपं होतं असं वाटतं ना, उलटंच झालं, चाकावर भार नाही म्हणून पकड नाही, ते नुसतं घसरायला लागलं. मग चार इंची पीव्हीसी पाइपाची चाकं कापली आणि त्यावर पाइपाच्याच पट्ट्या उभ्या चिकटवल्या, चिखलणीच्या केजव्हीलसारख्या. जळगावचा पाइप जगात जातो, म्हटलं चंद्रावर पण जाऊ दे. त्या पट्ट्या लावल्यावर चालला.

चालला पण तिसऱ्या दिवशी गिअर खलास. उघडून बघतो तर डस्ट आत गेलेली आणि ग्रीसमध्ये मिसळून चक्क व्हॉल्व्ह घासायची पेस्ट झालेली, दात साफ. हे माझं रोजचं दुखणं आहे, सील गेलेल्या मोटारीत गाळ शिरला की बुश संपलंच. तिथं तर अजून वाईट, चंद्राची धूळ विजेच्या भारानं चिकटते, झटकली तरी जात नाही. १९७३ ला रशियाचा लुनोखोद-२ होता, ८४० किलोचा, ३९ किलोमीटर चालला, आणि मेला कशानं तर एका खड्ड्यात झाकण घासलं, झाकणावर माती पडली, रात्री झाकण बंद केल्यावर ती माती थंड व्हायच्या पत्र्यावर सांडली आणि पुढच्या दिवशी तापून बंद पडला. एवढं धूड आणि मूठभर धुळीनं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९७२ मध्ये, अपोलो-१७ वाल्यांच्या गाडीचं मडगार्ड तुटलं, सगळी धूळ अंगावर उडायला लागली, तर त्यांनी नकाशाचे कागद टेपनं जोडून मडगार्ड बनवलं. जुगाड काय आपल्याकडंच होतो असं नाही. आम्ही नमद्याचे वॉशर कापून शाफ्टला बसवले, त्यानं पुष्कळ फरक पडला. ग्रीस काढून टाकलं, कारण निर्वातात साधं ग्रीस टिकत नाही, त्यातलं तेल उडून जातं आणि कॅमेऱ्याच्या काचेवर जाऊन बसतं, तिथं मॉलिब्डेनम डायसल्फाइडची कोरडी भुकटी वापरतात, ती आपल्याकडं पण मिळते.

वाइंडिंगवाल्यांसाठी अजून एक सांगतो, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल. कार्बन ब्रशची मोटार चंद्रावर नेली तर ब्रश भुर्रकन झिजतो. का, तर कार्बन गुळगुळीत सरकतो तो हवेतल्या ओलाव्यामुळं, ओलावा नाही तर तो खरवडत जातो. मला हे बावीस वर्षांत माहीत नव्हतं. म्हणून तिकडं ब्रशलेस मोटारी, जशा आता नवीन पंख्यात येतात. आणि मोटारीच्या मागं पंखा लावून काही उपयोग नाही, हवाच नाही तर वारा कशाचा घालणार, उष्णता धातूतून बाहेरच्या पत्र्याला आणि पत्र्यावरून नुसती किरणांनी निघून जाणार तेवढीच. आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्रीत पत्र्याच्या शेडमध्ये मोबाईल बंद पडतो, तिथं भरदुपारी जमीन १२० पर्यंत जाते. आणि रात्री उणे १७० च्या खाली, ती पण आपल्या चौदा दिवसांएवढी लांब रात्र. पोरींनी बॅटरी आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवून बघितली, उणे १८ लाच तिनं मान टाकली. मोठा रोव्हर असेल तर आत उष्णता धरून ठेवतो, लुनोखोदमध्ये किरणोत्सारी पोलोनियमची शेगडीच होती, पण छोट्याचं तसं नाही, पातेलंभर चहा तासभर गरम राहतो आणि कपातला पाच मिनिटांत निवतो. म्हणून छोटा स्वस्त रोबो चंद्रावरच्या एका दिवसाचा, आणि आपले चौदा दिवस काही कमी नाहीत. चार प्रश्न ठरवून पाठवला तर तेवढ्यात उत्तरं मिळतात. आपल्याच विक्रमवरच्या तापमानाच्या सळईनं बघा ना, वर माती पन्नासच्या पुढं आणि आठ सेंटिमीटर खाली उणे दहा, बोटभर धुळीत एवढा फरक, हे काय कुणाला अंदाजानं सांगता आलं असतं?

तर हे सगळं करून पोरी गेल्या आपल्याच भागातल्या एका प्रदर्शनाला. सोबत चार बाय चारचा ट्रे आणि दोन घमेली डस्ट. परीक्षक आले, पहिलं वाक्य, हा कचरा हॉलमध्ये कशाला आणला, फरशी खराब होते, बाहेर ठेवा. बाहेर ठेवला. मग रोबो फरशीवर चालवून दाखवा म्हणाले, तर फरशीवर तो पट्ट्यांच्या चाकांनी खडखड करत कसातरी चालला, गुण गेले. पहिलं बक्षीस मिळालं थर्माकोलचा चंद्र, निळे एलईडी आणि ऑनलाइन मागवलेल्या तयार किटाला. दिसायला सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. भाची रडली नाही, मलाच जरा वाईट वाटलं. म्हणून मी संपादक साहेब तुम्हाला म्हणतोय की पुढच्या वेळी असा फोटो छापताना पोरांना किंमत विचारू नका, वजन विचारा, आणि तुझा रोबो डस्टमध्ये चालवलास का आणि कितव्या दिवशी बंद पडला ते विचारा. कितव्या दिवशी बंद पडला हे ज्याला सांगता येतं त्यानं खरं काम केलेलं असतं.

काही लोकं म्हणतील की एवढं करून उपयोग काय, हे छोटे रोबो तर सगळे फेलच होतात. होतात, पण कसे ते बघा. २००७ ला तीन कोटी डॉलरची बक्षिसं जाहीर झाली होती की कुठल्याही खासगी टीमनं चंद्रावर उतरून ५०० मीटर चालून व्हिडिओ पाठवावा, आपल्या बेंगळुरूची टीमइंडस त्यात होती, मधल्या टप्प्याचं दहा लाख डॉलरचं बक्षीसही तिनं घेतलं, पण ३१ मार्च २०१८ ला मुदत संपली आणि कुणीच पोचलं नाही, घोडं प्रत्येकाचं उतरण्यापाशी किंवा रॉकेटच्या पैशापाशी अडलं. जानेवारी २०२४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा दोन किलोचा आयरिस आणि मेक्सिकोचे पाच इवलेसे रोबो, एकेक ६० ग्रॅमच्या आतला, एकाच यानातून निघाले, यानाचं इंधन गळालं आणि दहा दिवसांनी ते सगळं पृथ्वीच्या वातावरणात येऊन जळालं. अमिरातीचा रशीद एप्रिल २०२३ ला आणि पाच किलोचा टेनॅशियस जून २०२५ ला असेच जपानी लँडरबरोबर आपटले. मार्च २०२५ ला अथिना नावाचं यान आडवं पडलं, आतला अर्ध्या किलोचा याओकी पेटीतच राहिला, बिचाऱ्यानं आतूनच फोटो काढले. यात रोबोचा दोष कुठं आहे? चाळीसगावच्या पुढं कन्नडच्या घाटात ट्रक उलटला तर आपण माल खराब होता म्हणतो का? गाडीच रामभरोसे आहे म्हटल्यावर मग सगळी पुंजी एकाच पोत्यात घालून पाठवायची नाही. स्वस्त बनवायचं ते याच्यासाठी, की आज गेला तर पुढच्या वर्षीच्या गाडीत त्याचा जुळा भाऊ बसवता आला पाहिजे, आणि बनवणाऱ्यानं घर विकायला नको.

उधार-उसनवारीचं पण बघा, हा छोटा एकटा पृथ्वीशी बोलू शकत नाही, त्याचा आवाज तेवढा जात नाही. प्रज्ञानसुद्धा विक्रमशी बोलायचा आणि विक्रम पृथ्वीशी. जपानच्या चेंडूचे फोटो पण त्याच्याबरोबरच्या दुसऱ्या उड्या मारणाऱ्या रोबोनं पाठवले. सिग्नलला जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद, त्यात मधल्या यंत्रांचा वेळ. पोरींनी मुद्दाम व्हिडिओ कॉलवर बघून आणि तीन सेकंद उशिरानं कमांड देऊन चालवला, भाची आत दुकानात आणि रोबो मागं डस्टमध्ये, पहिल्या दिवशी सहा वेळा खड्ड्यात पडला. २७ ऑगस्ट २०२३ ला प्रज्ञानसमोर चार मीटरचा खड्डा आला होता, तीन मीटर आधीच दिसला म्हणून त्याला मागं वळवलं, तेव्हा आम्हाला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं, आता वाटतं.

दुकानातल्या टीका पण सांगून टाकतो म्हणजे एकतर्फी वाटायला नको. धरणगावकडचा एक शेतकरी दोन दिवस मोटारीसाठी चकरा मारत होता, तिसऱ्या दिवशी त्यानं रोबोकडं बघितलं, कप्पीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हटला, "हाई चांदवर जाई तं जाई, मन्ही मोटार हिरमा कव्हय जाई?" (हा चंद्रावर जाईल तर जाईल, माझी मोटार विहिरीत कधी जाईल?) त्याचं बरोबरच होतं, त्याच्या कपाशीला पाणी पाहिजे होतं, मी रात्री बसून मोटार भरून दिली आणि मजुरी निम्मी घेतली. पण तोच माणूस जाता जाता विचारून गेला की ह्या नमद्याच्या वॉशरनं गाळ थांबत असेल तर माझ्या मोटारीला लावता येईल का. पाण्यातल्या मोटारीला नमदा चालत नाही हे त्याला सांगितलं, पण शेतातल्या गवत कापायच्या मशीनला चालेल, तिला लावून दिलाय, बघू.

आणि एक, आपल्याकडं काय लोकांना लगेच जुनं आठवतं. चाळीसगावजवळ पाटण्याला शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला आणि त्याला १२०७ साली दान मिळालं असं त्यात लिहिलंय. आठशे वर्षांपूर्वी खान्देशात ग्रहगणित शिकवायला जागा आणि पैसा मिळत होता. आज मी मागतोय ती जागा दहा बाय दहा फुटाची आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकांच्या मागच्या अंगणात एकेक हौद, एक फूट खोल, त्यात मावते बरोबर एक ब्रास डस्ट, आमच्याकडं ट्रॉली भाड्यासकट दोन-अडीच हजारात पडली. वर मैद्याच्या चाळणीनं चाळलेला बारीक थर, कारण चंद्राची धूळ पिठासारखी असते, थोडे दगड, दोन-तीन खड्डे, वर पत्रा आणि एक कप्पी. वर्षभर पोरं येऊन आपापले रोबो तिथं बसवतील, पोटावर. विद्यापीठानं मनावर घेतलं तर अजून चांगलं, आणि लोणार काही लांब नाही, बेसाल्टमध्ये उल्केनं पाडलेला खराखुरा खड्डा आहे तो, एखादी सहल तिथं नेता येईल, रोबो मात्र तिथं सोडू नका, ते सरोवर जपायचं आहे.

निर्वात माझ्याकडं नाही, किरणोत्सार नाही, उणे १७० नाही, ते काम मोठ्या प्रयोगशाळेचंच. पण पहिल्या दोन फुटात पोटावर बसणारा रोबो तिथपर्यंत न्यायचाच कशाला.

भाचीचा रोबो सध्या १ किलो ४१० ग्रॅम आहे, आजच्या फळ्यावर चौदा कोटी दहा लाख. डस्ट दुकानामागं अजून आहे, पावसात थोडी वाहून गेली पण ट्रेला पुरेल. तुमच्या फोटोतल्या त्या चार पोरांनी त्यांचा आठ हजाराचा रोबो घेऊन यावं, काटा आहे, कप्पी आहे, चहा मी पाजतो. बुधवारी दुकान बंद असतं. आणि येताना तोंडाला बांधायला रुमाल आणा, ती डस्ट छातीत गेलेली चांगली नाही.

आपला एक वाइंडिंगवाला वाचक,
अमळनेर, जि. जळगाव